आकड्याखालची रेघ

बुधवारी सकाळी नऊला दहा कमी असताना माझा माऊस घसरला आणि एक आकडा हलला नाही. झालं ते एवढंच. मी काही शोधायला बसले नव्हते, मी अक्षरं मोठी करत होते. खालच्या शेडमध्ये लोखंड कापून जोडणाऱ्या लोकांचा मुकादम डेझ फारूजा, त्याने आदल्या आठवड्यात निरोप धाडला होता की चाळीसबाईंना, म्हणजे मला, सांगा, मापं मुंगीएवढी लिहू नका, आमचे डोळे म्हातारे झालेत. म्हणून मी रेल्वेवरच्या पादचारी पुलाची चौदाच्या चौदा ड्रॉइंगं उघडून बसले होते. मापांची अक्षरं अडीच मिलिमीटरवरून साडेतीनवर नेत होते, बाणांची टोकं जरा जाड करत होते, एकमेकांवर चढलेले आकडे बाजूला सरकवत होते. हे काम मला आवडतं. त्याला नजर लागते पण डोकं लागत नाही, त्यामुळे डोकं हवं तिथे भटकून येतं. त्या वेळी ते आईकडे गेलं होतं. आदल्या दिवशी रजा काढून मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, आणि त्याने भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांची माझी आई त्याला म्हणाली होती, "दिसतात रे सगळी. पण ती इंग्रजी आहेत, त्याला मी काय करू?" ते आठवून मी एकटीच हसत होते, तेवढ्यात बीमचं टोक माऊसला चिकटून आलं आणि बीम वीतभर लांब झाला.

बीम लांब झाला की त्याची मापं आपली आपण बदलतात, त्यासाठीच तर आम्ही कागद-पेन्सिल सोडून या सॉफ्टवेअरच्या नादी लागलो. बदललीही. मधल्या पट्ट्यांची, कडेची, जिथे जिथे त्या टोकाचा संबंध होता ती सगळी मापं हलली. एक सोडून. सगळ्यात मोठं माप, या टोकाच्या बोल्टच्या भोकापासून त्या टोकाच्या बोल्टच्या भोकापर्यंतचं, १८,४६०, जागच्या जागी बसून राहिलं. मी बीम पूर्ववत केला आणि मग मुद्दाम ओढला, या वेळी अर्धा मीटर. १८,४६०. एक मीटर. १८,४६०. मी त्या मापावर दोनदा टिचकी मारून ते आतून उघडलं. जिवंत मापाच्या आत आकडा नसतोच, नुसते दोन टोकदार कंस असतात, समोरासमोर, रिकामे. त्यांचा अर्थ एवढाच की जे असेल ते मोज आणि दाखव. इथे ते कंस कुणीतरी खोडले होते आणि तिथे हाताने टाइप केलं होतं, एक आठ चार सहा शून्य. आकडा मेला होता. मी त्याच्या मागे दुसरं, खरं माप लावून पाहिलं. मोजल्यावर बीम निघाला १८,४३५. पंचवीस मिलिमीटर कमी.

पंचवीस मिलिमीटर म्हणजे काय हे आईला समजावायला गेलं तर ती म्हणते, अडीच सेंटीमीटर, मग त्यात काय, शिवणीत सोडून देते मी तेवढं. आमच्या धंद्यात सेंटीमीटर म्हणणाऱ्याला हसतात. तो शिंप्यांचा. आमचं घर असो की पूल, सगळं मिलिमीटरमध्ये, आणि बोल्टला शिवण नसते. चोवीसचा बोल्ट, सव्वीसचं भोक, म्हणजे दोन्हीकडचं मिळून दोनचं दुःख सहन होतं. पंचवीस चुकलं तर त्या भोकाला चिकटून दुसरं भोक पाडता येत नाही, बीम भंगारात जातो, आणि या जाडीचा बीम पुन्हा मागवायचा तर तीन महिने. रेल्वे आम्हाला तीन आठवड्यांनी एका रविवारी सहा तास गाड्या बंद ठेवून देणार होती. त्या सहा तासांनंतर पुढचे सहा तास पुढच्या वर्षी. पण हे सगळं मी नंतर मोजलं. त्या क्षणी माझ्या मनात एकच वाक्य आलं आणि ते मला लाज वाटावी असं होतं: पुन्हा मीच.

कारण ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, जिथे 'काढले' असं लिहिलेलं असतं, तिथे माझी अक्षरं होती. ल्युबित्सा नास्तेव्स्का हे नाव त्या चौकटीत कधीच मावलं नाही, म्हणून एल. एन. त्याच्याखाली 'तपासले'. तिथे दोन वर्षांपूर्वीपर्यंत बऱ्याचदा मीच असायचे, दुसऱ्यांच्या कामावर. आता तिथे फक्त माझा साहेब, वॉरन पिकेट. दोन वर्षांपूर्वी बंदरावरच्या धान्याच्या कोठारासाठी आम्ही एक लोखंडी जिना बनवला. त्याच्या बाजू मशीनने कापल्या, कठडा माणसांनी ड्रॉइंग वाचून बनवला, आणि जागेवर नेल्यावर दोन्हींत चाळीस मिलिमीटरचा फरक पडला. जिना ट्रकवरून परत आला. भर दुपारी, शेडच्या दारातून, सगळ्यांच्या देखत. वॉरनने कुणावर आवाज चढवला नाही. तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "जाऊ दे लू, झालं ते झालं," आणि दुसऱ्या दिवसापासून तपासायची कामं माझ्याकडे यायची थांबली. शेडने माझं बारसं केलं: चाळीस. इथल्या लोकांना कुणालाही नाव ठेवल्याशिवाय राहवत नाही, टकल्याला झिपऱ्या म्हणतील आणि लंगड्याला हरीण, त्यात द्वेष नसतो हे मला पस्तीस वर्षांत कळलंय. तरी जमेल तेव्हा मी खाली शेडमध्ये जायचं टाळायचे. कोठाराच्या जिन्याची फाइल मी पुन्हा कधी उघडली नाही. उघडायची हिंमतच नव्हती. कुणी मला विचारायच्या आधीच मी हो म्हणून टाकलं होतं, आणि लोकांचं काय, ज्याने हो म्हटलं त्याच्यावर शिक्का मारून ते जेवायला जातात.

मी फोन उचलला.

"मशीन थांबव, डेझ."

"कोण? चाळीस?"

"हो, चाळीस. पुलाचा बीम मशीनवर चढवलास का?"

"चढवला, बांधला, आता बटण दाबतोय. का, अक्षरं मोठी झाली का बाईसाहेबांची?"

"दाबू नकोस. भोकं चुकीच्या जागी पडतील."

"हे बघ, काल संध्याकाळी फाइल आली, 'तपासले' मध्ये वॉरनचं नाव आहे. तुझं कुठंय?"

"माझं नाहीये."

"मग?"

बीम थांबवायचा हक्क वॉरनला आणि वॉरन सव्वानऊच्या आधी कधी येत नाही. मला डेझच्या मागे मशीन घरघरताना ऐकू येत होतं. ते मशीन आकडे वाचत नाही. प्रत्येक ड्रॉइंगवर आम्ही खाली छापतो की पट्टी ठेवून मोजू नये, लिहिलेलं माप खरं धरावं. माणसं ते धरतात. मशीनला कुणी ते वाचून दाखवलेलं नाही, त्याला फक्त रेघा दिसतात. माझ्या डोक्यात हे सगळं एकदम आलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"डेझ, स्मोको किती वाजता?"

"साडेनऊला. जगबुडी आली तरी साडेनऊला."

"आज आत्ता कर."

चहाची ती वीस मिनिटं शेडमध्ये देवाच्या नावासारखी पाळतात. मालक मेला तरी त्याला साडेनऊपर्यंत थांबावं लागेल, असं डेझच मागे म्हणाला होता.

"अर्धा तास लवकर? पोरं मला वेड्यात काढतील गं."

"काढू देत. सांग, चाळीसने केलं."

मग मला त्याचा आवाज लांबून, फोनपासून तोंड फिरवून ओरडलेला ऐकू आला, "सोडा रे! स्मोको!" आणि वीस-बावीस माणसांनी केलेला आरडाओरडा, मॅच जिंकल्यासारखा. मशीनची घरघर बसत गेली. "चाळीस मिनिटं देतो," डेझ म्हणाला. "तुझ्या नावाची. एक मिनिट जास्त नाही."

मी फोन ठेवला. त्या चाळीस मिनिटांत मी खरं तर वॉरनला त्याच्या घरी फोन करायला हवा होता. मी तो केला नाही. मी जुन्या कामांच्या कप्प्यात गेले, खाली, खाली, दोन वर्षं खाली, आणि धान्याच्या कोठाराचा जिना उघडला. का उघडला ते सांगता येणार नाही. एखादा दुखणारा दात जिभेने चाचपतो तसं म्हणा. माझी रेघ न् रेघ मला ओळखू आली, काय स्वच्छ काम होतं ते, दोन वर्षं मी त्याला पापासारखं झाकून ठेवलं होतं. मी जिन्याच्या बाजूचं टोक पकडलं आणि ओढलं. सगळी मापं हलली. एक हललं नाही. मी ते आतून उघडलं. कंस नव्हते. टाइप केलेला आकडा. मी मागे खरं माप लावलं आणि फरक वाचायच्या आधीच मला तो माहीत होता, तरी मी तो वाचला, मोठ्याने, रिकाम्या ऑफिसात, आईच्या भाषेत. चाळीस.

लोक म्हणतात अशा वेळी हलकं वाटतं. मला वाटलं नाही. मला राग आला, इतका की मी उठून खिडकीशी गेले आणि परत आले. दोन वर्षं! दोन वर्षं मी प्रत्येक रेघ तीनदा मोजत होते, घरी जाताना बसमध्ये बसून आज काय राहिलं ते आठवत होते, आईने हाक मारली तर दचकत होते. क्रिंगिला या आमच्या वस्तीतल्या घरी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आईने चाकूने दोन खुणा केल्या आहेत, एकमेकींपासून बरोबर एक मीटरवर. ती कपडे शिवण्याच्या कारखान्यात होती आणि दर नव्या वर्षी आपली कापडी फीत त्या खुणांना लावून बघायची. फीत वापरून वापरून ताणते, ती म्हणायची, आणि ताणलेली फीत आपल्याला काही बोलत नाही पोरी, ती गिऱ्हाइकाच्या अंगावर गेल्यावर बोलते. फीत खुणेपलीकडे गेली की आई ती कात्रीने कापून कचऱ्यात टाकायची, दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून. मी लहान होते, मला ती फीत खेळायला हवी असायची. दोन वर्षं मी स्वतःलाच ताणलेली फीत समजत होते, आणि मी एकदासुद्धा दाराशी जाऊन खुणेला लावून बघितलं नव्हतं. त्या दोन वर्षांचं मी वॉरनशी काय बोलायचं, ते उभ्या उभ्या जुळवत होते, एकेक वाक्य धार लावून. कारण आकडा कुणी टाइप केला हे मला विचारावं लागणार नव्हतं. माझ्याशिवाय त्या फायलींना हात लावणारा माणूस एकच होता.

तो सव्वानऊला आला. एकाहत्तर वर्षांचा, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात कागदी पिशवीत दोन गोड पाव, बुधवारी तो माझ्यासाठीही आणतो. पस्तीस वर्षांपूर्वी, मी बावीस वर्षांची असताना, कुणी पोरीला ड्रॉइंगच्या पाटाशी उभं करत नव्हतं तेव्हा याच माणसाने मला नोकरी दिली. पहिले सहा महिने मी नुसती गिरवत होते. एकदा एका खांबाचं माप बदललं, सगळं ड्रॉइंग पुन्हा काढायला वेळ नव्हता, तेव्हा त्याने मला दाढीचं पातं दिलं, जुना आकडा हलक्या हाताने खरवडून काढायला शिकवलं आणि नवा आकडा लिहायला लावला. मी लिहिला. तो म्हणाला, झालं नाही अजून. त्याच्याखाली रेघ मार. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, "आकडा बदललास आणि चित्र बदललं नाहीस, हे कबूल नको करायला? ती रेघ बघितली की खालचा माणूस समजतो, इथे चित्रावर विश्वास ठेवू नये." त्या दिवशी मला या धंद्याबद्दल जे वाटलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. लबाडी होऊ नये म्हणून लोकांनी एवढीशी रेघ शोधून काढली आहे, याचं मला रडू आलं होतं.

"डेझचा फोन आला होता," वॉरन पिशवी माझ्या टेबलावर ठेवत म्हणाला. "शेडमध्ये नऊ वाजता चहा चाललाय म्हणे. तू केलंस? कुणाला विचारून?"

"कुणालाच न विचारता. बस."

"लू, तो आकडा बरोबर आहे. काल तू नव्हतीस. सर्व्हेवाल्यांनी कळवलं, खांब ओतल्यावर पुन्हा मोजलं तर एकमेकांपासून पंचवीसने लांब भरले. मी लगेच बदलला."

"काय बदललंस?"

"आकडा."

"आणि बीम?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता, त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता. मी बीमचं टोक पकडलं आणि स्क्रीनवर मीटरभर ओढलं, परत आणलं, पुन्हा ओढलं. १८,४६० आपलं बसलेलं. मी धार लावून ठेवलेली सगळी वाक्यं तोंडाशी आली होती, पण निघालं ते भलतंच, आणि आवाजही माझा नव्हता, बावीस वर्षांच्या कुणाचा तरी होता.

"वॉरन, रेघ कुठाय?"

"कुठली रेघ?"

"आकड्याखालची."

त्याने चष्मा काढला. बराच वेळ पुसला. पाटावर पातं लागायचं, खरवडल्याचा बारीक चुरा पडायचा, फुंकर मारावी लागायची, आणि फुंकर मारली की हात आपोआप रेघेकडे जायचा. इथे दोन टिचक्या, पाच आकडे, आणि सगळं कोरं करकरीत. बदलल्याची खूण राहत नाही, त्यामुळे कबूल करायची आठवणही राहत नाही. हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं आणि माझा राग उतरायला लागला, मी त्याला धरून ठेवायचा प्रयत्न केला तरी उतरला. मग मी दुसरी फाइल पुढे आणली.

"हा कुठला?" तो म्हणाला.

"जिना."

मी टोक ओढलं. तो खुर्चीत मागे टेकला.

"त्या आठवड्यात मीच..." तो म्हणाला आणि थांबला. "कोठारवाल्यांचा फोन आला होता. कठडा बदला म्हणाले. देवा. लू, मला वाटलं तू."

"मलाही वाटलं मीच."

मग तो उठला, पिशवीतला एक पाव काढून माझ्यासमोर ठेवला आणि शेडकडे निघाला. मी म्हटलं, फोन कर की. तो म्हणाला, "हे फोनवर सांगायचं नाहीये. तू तेवढ्यात बीम सरळ कर." जिन्यावरून उतरतानाची त्याची पावलं मी मोजली, बावीस, एकेका पायरीवर दोन पाय.

आणि मग मी ते केलं. मी मेलेल्या आकड्यावर दोनदा टिचकी मारली, एक आठ चार सहा शून्य पुसलं, आणि तिथे ते दोन रिकामे कंस परत बसवले. पापणी लवते न लवते तोच आकडा बदलला. १८,४३५. बीमने तोंड उघडून खरं सांगितलं. मग मी त्याचं टोक पकडलं, पंचवीस टाइप केलं, ओढलं. बीम सरकला, भोकं त्याच्याबरोबर सरकली, पट्ट्या सरकल्या, आणि आकडा आपला आपण, कुणी न सांगता, अठरा हजार चारशे साठ झाला. तोच आकडा! सकाळपासून तोच तिथे होता आणि तरी आत्ता तो पहिल्यांदा आला होता. मी टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की पाव खाली पडला. मी तो उचलून खाल्ला. सत्तावन्न वर्षांच्या बाईने ऑफिसात एकटीने नाचू नये असा काही नियम नाही, मी जरा नाचले.

खाली काय झालं ते मला डेझने संध्याकाळी सांगितलं. वॉरन शेडच्या मधोमध जाऊन उभा राहिला, सगळ्यांच्या हातात चहाचे मग, आणि तो म्हणाला, "पोरांनो, जिन्याचे चाळीस माझे होते. लूचे नव्हते. दोन वर्षं तुम्ही चुकीच्या माणसाला हाक मारताय." कुणी हसलं नाही. मग मागून कुणीतरी विचारलं, "मग आता चाळीस कोण?" आणि वॉरनने हात वर केला. त्यावर शेड एवढी हसली म्हणे की पत्रे वाजले. त्या दिवसापासून ते नाव त्याचं. तो ते मिरवतो. मला मात्र काही नावच उरलं नाही. शेडमध्ये गेले की लोक बाजूला होऊन नुसतं "मॉर्निंग, लू" म्हणायचे, सभ्यपणे, आणि मला ते चाळीसपेक्षा जास्त टोचायचं.

पुढचे तीन दिवस मी चौदा ड्रॉइंगांतलं एकूणएक माप आतून उघडून पाहिलं. सहाशे अकरा. वॉरनने तपासण्याचं काम परत माझ्याकडे दिलं, पण मी म्हटलं नाव पूल बसवायच्या रविवारनंतर घालू. आणखी तीन आकडे मेलेले निघाले. दोन वॉरनचे. एक माझा. जिथे कठडा खांबाला भेटतो तिथे, पाच मिलिमीटर, मीच कधीतरी घाईत टाइप केलेला आणि साफ विसरलेला. तो बघून मी आधी हादरले आणि मग मला हसू फुटलं. मी तो जिवंत केला आणि स्वतः शेडमध्ये जाऊन डेझला सांगितलं, हा माझा होता. तो म्हणाला, "पाच? पाचला नाव ठेवत नाही आम्ही. तेवढं मोठं होऊन ये." शिवाय मी सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट लावून घेतली, की कुणीही हाताने आकडा टाइप केला की त्याच्याखाली आपोआप रेघ यावी. वॉरन ती बघायला आला, पाच-सहा आकडे उगाच टाइप करून बघितले, दर वेळी रेघ आली की "हं" म्हणाला.

पण रात्री अंथरुणावर पडलं की एक प्रश्न यायचाच. मी बीमला आकड्याशी जुळवलं. आकडा खांबांशी जुळतो याचं काय? तो सर्व्हेवाल्यांचा होता, मी तो हाताने मोजलेला नव्हता, रुळांवरून फीत कोण टाकू देणार. तीन आठवडे मी त्या पंचवीसवर झोपले आणि त्याच्यावर उठले. आईला सांगितलं तर म्हणाली, "मी येते रविवारी. बघू दे मला तुझे ते खांब." मी म्हटलं, तुला दिसत नाही. ती म्हणाली, तुझं तोंड दिसतं.

रविवारी आठ वाजता आम्ही कुंपणाबाहेर घडीच्या खुर्च्या टाकून बसलो, आई, तिची भाजीची पोळी फडक्यात गुंडाळलेली, आणि वॉरन डोक्यावर पांढरं हेल्मेट घालून. गाड्या बंद, रुळांवर एक कावळाही नाही. समुद्राकडून वारा होता आणि क्रेनवाला वाऱ्याला शिव्या घालत होता. बीम उचलला तेव्हा आईने माझा हात धरला. तो वर गेला, हळूहळू फिरला, मोठा हिरवा, माझ्या रेघांचा, आणि मग इंच इंच खाली येऊ लागला. या बाजूच्या खांबावर टेकला. बोल्ट बसले, ते बसणारच होते, पहिल्या टोकाला सगळं बसतं. दुसऱ्या खांबावर डेझ दोरी बांधून उभा होता, पाठमोरा. बीमचं टोक त्याच्या गुडघ्याशी आलं, कमरेशी, मग तो वाकला आणि मला त्याचे हात दिसेनासे झाले. वॉरन म्हणाला, "हातोडा मागतो का बघ." हातोडा मागितला तर समजायचं गेलं. क्रेनचं इंजिन तेवढं चालू होतं. डेझने हात मागे केला, कुणीतरी त्यात बोल्ट दिला, हातोडा नाही, बोल्ट. मग दुसरा. मग तिसरा. चौथा. एकही ठोका ऐकू आला नाही. ते सगळे नुसत्या बोटांनी, आपल्याच वजनाने गेले होते.

"काय झालं?" आई म्हणाली. "सांग की. तुझं तोंड असं का?"

डेझ उभा राहिला आणि वळला. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि मला वाटलं आता तो वॉरनला हाक मारणार, ए चाळीस, झालं म्हणून. पण तो माझ्याकडे बघत होता.

"ए!" तो रुळांपलीकडून ओरडला. "ए शून्य!"

दोन्ही खांबांवरची माणसं हसायला लागली आणि मग सगळ्यांनी मिळून तेच नाव ओरडलं, पुन्हा पुन्हा, हेल्मेटं वर फेकून. वॉरन खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होता. आई विचारत होती, शिव्या देतायत का तुला? मी खुर्चीवर चढले, ती माझ्या वजनाने डगमगली, मी दोन्ही हात वर केले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "बोल!"